नवस फिटला, गोळ्या बुडाल्या

"शेवटची बांधी पयले," असं म्हणून ती हात लांब करायची आणि तिचं बोट नेमकं दाराजवळ, चपलांच्या ढिगापाशी अंग चोरून बसलेल्या बाईवर यायचं. पुढे बसलेल्या, तोंड उघडून तयार असलेल्या बाया गप्प व्हायच्या. जिला बोलायचं नसायचं तिच्यापासूनच बोलणं सुरू व्हायचं.

बांधी म्हणजे काय हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण वाचणारं कोणी लांबचं असेल म्हणून सांगते. धानाच्या शेताचा, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला एक तुकडा, ती बांधी. आमचं गाव केशोरीच्या रस्त्यावर. गावचा तलाव आमच्या आज्या-पणज्यांनी माती वाहून बांधलेला. त्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस असतो, त्याला पाणकर म्हणतात. तिचा नवरा पाणकर होता. आमच्या तलावाचा नियम असा, की पाणी आधी सगळ्यात लांबच्या बांधीला द्यायचं आणि मग मागे मागे येत तलावाजवळच्याला. जवळच्याला पहिले दिलं तर तो लांबच्याला काही उरू देत नाही. माणसाचा स्वभाव आहे, मी काय सांगू. नवरा गेला, गाव तिला पाणकरीणच म्हणत राहिलं, आणि तिनं नवऱ्याचा हा नियम उचलून समाज मंदिरातल्या मंगळवारच्या बैठकीला लावला.

ही बैठक म्हणजे भजनी मंडळ नव्हे आणि बचत गटही नव्हे. वर्षानुवर्षं ज्यांना काहीच नको वाटतं, ज्यांचा हात भाताच्या घासापर्यंत जातो आणि तिथंच थांबतो, अशा बायांची बैठक. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. गाव म्हणायचं आळस. सासरचे म्हणायचे नखरे. भगत म्हणायचा बाहेरचं लागलं. नावं ठेवायला सगळे हजर, पण "तुले कसं वाटते वो" हे एकानंही विचारलं नाही. हे लिहिताना आताही माझं डोकं तापतं.

पाणकरणीला हे सगळं ऐकून माहीत नव्हतं, अंगावरून गेलेलं होतं. नवरा जिवंत असतानाच ती चार वर्षं घराच्या कोपऱ्यात पडून होती. तिच्या नणंदेनं तिला भगताकडे नेलं, त्यानं कडुनिंबाच्या फांदीनं झोडपलं. नंतर ती स्वतःच हसत सांगायची, "भूत नाई निंगालं वो, पाठीचं सालटं निंगालं." आम्ही हसायचो. मग हसता हसता कोणीतरी गप्प व्हायचं, कारण त्या बैठकीत तशी पाठ एकटीचीच नव्हती.

तिला उठवलं ते आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरनं. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा मनाचा डॉक्टर येतो, तिथं नेऊन गोळ्या सुरू केल्या. वर्षभरानं ही उठून कामाला लागली. तेव्हा सिस्टर म्हणाली, एक तीन दिवसांचं शिक्षण आहे, शहरातून ताई येणार आहे, तू चल. आणि सोबत म्हणून मलाही नेलं. मी शेजारीण, चौथी शिकलेली, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच केलेलं. कागद वाचून दाखवायला बरी.

ताई चांगली होती, खोटं कशाला सांगू. रंगीत कागद लावून समजावायची. गोळी आपलं काम करते, पण माणसाला पुढचा दिवस पाहावासा वाटला पाहिजे, म्हणायची. ज्याचा जो देव असेल त्याच्याशी रोज चार शब्द बोला. एक लहानसं काम ठरवा, त्याचा रस्ता शोधा, त्यावर चाला. हे सगळं पाणकरीण मान हलवत ऐकत होती. तिसऱ्या दिवशी क्षमेचा पाठ आला. मनात राग ठेवला तर मन आजारी पडतं, म्हणून ज्यानं दुःख दिलं त्याला डोळे मिटून माफ करा, असं ताई म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटले. ही उभी राहिली.

"ताई, आमच्या गावात एकीच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला. त्यानं अजून माफी मागतली नाई. माफी मागनारा ह्या वर्गात एक बी बसला नाई. तं मंग माफ करनं आमीच कायले शिकून राहिलो?"

ताईनं पुस्तकात पाहिलं. पुस्तकात उत्तर नव्हतं. तिनं तसं कबूल केलं, हा तिचा मोठेपणा. पण पाणकरणीनं तो पाठ तिथंच सोडला, गावात आणलाच नाही.

गावात आणलं ते बाकीचं, आणि तेही आपल्या पद्धतीनं बदलून. 'ध्येय' हा शब्द तिच्या तोंडात बसेना, बायांच्या कानात शिरेना. मग तिनं शब्द काढला, नवस. छोटा नवस. मोठा नवस आपल्याला माहीतच आहे. पोरगा होऊ दे, कोंबडं देईन. दुखणं जाऊ दे, बकरा देईन. त्यात करायचं सगळं देवानं, आपण नुसती वाट पाहायची. हिचा नवस उलटा. करायचं आपण, पाहायचं देवानं. आणि मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत. "मंगळवारपर्यंत मी केस धुईन." "मी वाडीतल्या वालाच्या शेंगा तोडीन." "मी माहेरी फोन लावीन." झालं, तर तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सात बहिणी देवींचे शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथं एक फूल ठेवून यायचं. जिचा देव वेगळा तिनं आपल्या देवापुढं ठेवावं. एकीनं सांगितलं की माझा कोणावरच विश्वास उरला नाही. पाणकरीण म्हणाली, "तं तलावात एक खडा टाकून ये. पान्यावर तं इश्वास आहे ना, रोज पिते."

नवस झाला नाही तर? तर काही नाही. "बहिनी कोठी जाऊन नाई राहिल्या. पुढच्या मंगळवारी बोल."

तिचा गोळ्यांबद्दलचा कडकपणा मात्र मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. एकदा गावात सप्ताहाला एक महाराज आले होते. प्रवचनात म्हणाले, मनाचे रोग भक्ती कमी पडल्यामुळे होतात, बायांनी नाम घ्यावं, गोळ्या सोडाव्यात. बाया पदर डोक्यावर घेऊन माना डोलवत होत्या. ही मागून उठली आणि फार आदरानं विचारलं, महाराज, तुम्ही साखरेची गोळी घेता का? ज्यांच्या घरी महाराज उतरले होते त्यांच्याकडून तिनं सकाळीच माहिती काढली होती. महाराज म्हणाले, घेतो. "मंग तुमची बी भक्ती कमी पडून राहिली का, महाराज?" मंडपात बाप्या लोकांनी हिला गप्प बसवलं. पण पुढच्या मंगळवारी सगळ्या बायांच्या गोळ्या चालू होत्या.

आता वनिताचं सांगते. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

वनिता शेवटच्या गल्लीतल्या घरची सून. नऊ वर्षं तिचं दुखणं चाललेलं. का झालं, विचारू नका. हे मला फार खटकतं. कोणाला ताप आला तर आपण कपाळाला हात लावतो. बाई उदास झाली की आधी कारण मागतो, कारण पसंत पडलं तरच दया करतो. वनिताला दोन लेकरं होती, नवरा पीत नव्हता, घरी धान होतं. म्हणून गावाला तिचं कारण पसंत पडलं नाही. तिची सासू तर दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, की आमच्या राणीसाहेब अजून बाजेवरच आहेत.

पाणकरणीनं तिला बैठकीत आणायलाच दोन महिने घालवले. वनिता यायची, चपलांपाशी बसायची, आणि पहिली पाळी आली की जमिनीकडे पाहत राहायची. सगळ्या थांबायच्या. पाणकरीण कोणाला घाई करू द्यायची नाही. एका मंगळवारी ती इतकंच बोलली, "मोठीमाय, मी सकारी खिडकी उघडीन." तिचा पहिला नवस तो. तिनं खिडकी उघडली, पारीवर जाऊन फूल ठेवलं. मग लेकीची वेणी. मग आंबील करणं. कधी दोन मंगळवार काहीच नाही, कधी रडणं. तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या रोजच्या रोज. असं वर्ष गेलं, वर दोन महिने. आणि पाण्याचे दिवस आले तेव्हा ती म्हणाली, "यंदा मी रोवन्याले जाईन."

रोवणा म्हणजे धानाचं रोप लावणं. चिखलात दिवसभर वाकून, दहा-बारा जणींच्या ओळीत. नऊ वर्षांत तिनं चिखलात पाय घातला नव्हता. ती गेली. पूर्ण दिवस नाही झाला, अर्धी बांधी लावून धुऱ्यावर बसली, पण गेली. मी त्याच ओळीत होते. पाणकरीण पलीकडच्या बांधीत होती. तिनं हातातली पेंढी चिखलात ठेवली, कमरेवर हात ठेवून वनिताकडे पाहिलं आणि पुन्हा वाकून रोवायला लागली.

आता इथं चूक झाली. आणि ती चूक अशी, की तिच्यासाठी कोणाला एकट्याला धरता येत नाही, म्हणून राग जास्त येतो.

वनिताच्या घरच्यांनी पाहिलं, सून उठली, रोवण्याला गेली. नवस बोलली होती असं कानावर होतंच. म्हणजे बहिणी पावल्या. मग पावलेल्या देवीचा नवस फेडायला नको? दिवाळी झाल्यावर त्यांनी पारीवर मोठा कार्यक्रम केला. बकरा, भात, वडे-सुवारी, अर्धं गाव जेवायला. आम्हीही गेलो. मी रस्सा दोनदा मागून घेतला हे मला अजून आठवतं. पाणकरणीच्या शेजारी वनिता नवं लुगडं नेसून बसली होती आणि पाणकरीण तिच्या पानात आपल्या पानातला वडा ठेवत होती. सासूनं पूजा केली, लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं नवऱ्याच्या हाती दिलं आणि त्यानं ते तलावात सोडलं. आम्हाला वाटलं नारळ असेल, खण असेल.

त्या गाठोड्यात वनिताच्या गोळ्या होत्या. सगळ्या. आणि दवाखान्याचा कागदही.

त्यांचा हिशेब त्यांच्या जागी सरळ होता. दुखणं बहिणींना परत केलं. आता गोळी खाल्ली तर बहिणींवर भरवसा नाही असं होईल, दुखणं परत मागितल्यासारखं होईल. ह्यात वनिताचं वाईट करावं असं कोणाच्या मनात नव्हतं. वनितालाही ते खरं वाटलं. आणि आम्ही दोघी पंधरा हातांवर बसून मटण खात होतो.

धान चुरायला, मळणीला, आलं तोवर वनिता पुन्हा बाजेवर गेली होती. ह्या वेळी आधीपेक्षा वाईट. बोलणं बंद, जेवण बंद. पाणकरीण तिच्या घरी गेली तेव्हा वनिताच्या लेकीनं गोळ्या बुडवल्याचं सांगितलं. परत येऊन ती माझ्या छपरीत बसली. मी पाणी दिलं, तिनं तांब्या तसाच धरून ठेवला. "नवस हा शबद त्याईले मीच देल्ला," एवढं म्हणाली. मी म्हटलं, तू असं कुठं सांगितलं होतं, त्यांनी आपल्या मनानं केलं. ती म्हणाली, "त्याईचं मन मले ठाऊक होतं ना. माहंच तसं होतं."

आणि गाव बघा. वनिता उठली तेव्हा श्रेय बहिणींचं. वनिता पडली तेव्हा दोष पाणकरणीचा. हिचा नवस खोटा, हिची नजर वाईट, हिनं नव्या लुगड्यावर हात फिरवला होता, असं बायाच बोलायला लागल्या. ज्यांनी तिच्या बैठकीत बसून रडून घेतलं होतं त्यातल्याही काही. तेवढ्यात कोणीतरी तक्रार केली आणि तालुक्याहून कागद आला. बैठकीच्या नावाखाली नवस, बळी, अंधश्रद्धा चालते, सबब समाज मंदिरात बैठक घेऊ नये. मी तिला तो कागद वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "वनिताचं का लिवलं त्यात?"

वनिताचं काही लिहिलेलं नव्हतं. मी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"नाई लिवलं," मी म्हटलं.

"मंग तो कागद आपल्यासाठी नाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणखाण आटपून ती वनिताच्या अंगणात जाऊन बसली. सोबत सूप आणि निवडायचे तांदूळ. समाज मंदिराला कुलूप होतं ना, तर बैठक अंगणात. सासू बाहेर आली, म्हणाली, दुसऱ्याच्या अंगनात पाय ताणून काऊन बसली? पाणकरीण म्हणाली, "तुया अंगनात ऊन चांगलं येते वो." सासूनं भांड्यांचं पाणी मुद्दाम तिच्या बाजूला फेकलं. ही सूप उचलून हातभर सरकली आणि पुन्हा निवडायला लागली.

मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. खरं सांगते, लाज वाटत होती. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी वनिताच्या नवऱ्यानं पोलीस पाटलाला बोलावण्याची धमकी दिली. पाणकरीण म्हणाली, बोलाव ना बाबू, येताना चहा घेऊन यायला सांग, सकाळपासून घेतला नाही. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या तोंडावर हसू येऊन गेलं आणि ते लपवायला तो गोठ्यात निघून गेला. चौथ्या दिवशी बैठकीतल्या तिघी आल्या, आपापलं काम घेऊन. कोणी लसूण सोलत, कोणी गोधडी शिवत. आत खिडकी बंद होती. पाणकरीण त्या खिडकीकडे तोंड करून अधूनमधून साध्या गोष्टी सांगायची. आज तलावावर बदकं उतरली. तुझी लेक शाळेत चालली, रिबीन लाल आहे.

पाचव्या दिवशी सासूनं खरा मुद्दा काढला. ती म्हणाली, नवस फिटला, दुखणं वापस केलं, आता गोळी देऊन मी बहिणींचा कोप घेऊ का? तुझं काय जातं?

पाणकरणीनं सूप खाली ठेवलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"नवस कोन बोललं होतं, वो? तू का वनिता?"

"वनिता."

"का बोलली होती?"

सासू दाराकडे वळली. तिला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.

"रोवन्याले जाईन, एवढंच बोलली होती. ते गेली. तिचा नवस तिनं चिखलात उभं राहून फेडला, त्याच दिवशी. दुखनं वापस कराचं कोनी बोललं होतं? बहिनीनं मागतलं होतं? जे बोललंच नाई ते तुमी फेडलं, आन् जे तिचं होतं ते बुडवलं."

सासू आत गेली, दार लावून घेतलं. मला वाटलं संपलं. मी म्हटलं, उद्या येऊ नको, फार झालं. तिनं घरी जाऊन उद्याचे तांदूळ सुपात काढून ठेवले.

सहाव्या दिवशी आम्ही गेलो तर सासू अंगणातच बसली होती, उंबऱ्याला पाठ लावून. भांडायला तयार असेल असं वाटलं. तशी नव्हती. पाणकरणीनं सूप मांडीवर घेतलं आणि ऊन बघून जागा धरली. अर्धं सूप निवडून झालं. मग सासू तांदळाकडे पाहत म्हणाली,

"माह्या अंगनात कोनी नाई बसली."

आम्हाला पहिले समजलंच नाही. ती म्हणाली, मलाही हेच होतं. धाकटा पोटात असल्यापासून. सकाळी उठवत नाही, घास उतरत नाही. सासू म्हणायची ढोंग करते, मग मी पडले नाही, काम करत राहिले. दिवसभर काम आणि आत काहीच नाही. अजूनही नाही. "ह्या पोरीले बाजेवर पडलेली पाहतो ना, तं मले राग येते. मले कोनी पडू नाई देल्लं."

मी आयुष्यात पुष्कळ रडणारी माणसं पाहिली. ती म्हातारी रडली नाही. पाणकरीणही रडली नाही. तिला राग आला होता. म्हातारीवर नाही. मी तिचा हात पाहिला, तांदळात रुतलेला, मूठ वळलेली. इतकी वर्षं ही म्हातारी त्याच गल्लीतून पाणी भरत होती, आमच्याच ओळीत रोवणा करत होती, आणि आम्ही तिला खाष्ट म्हणून सोडून दिलं होतं.

सासूनंच उठून खिडकी उघडली. आत वनिता जागी होती. सगळं ऐकत होती.

पुढच्याच आठवड्यात मनाच्या डॉक्टरचा दिवस होता. आम्ही चौघी बसनं तालुक्याला गेलो. वनिताला दोघींनी धरून चढवलं. दवाखान्यात रांग दारापासून बाहेर व्हरांड्याच्या टोकापर्यंत. नंबर आला. डॉक्टर तरुण, दमलेला. वनिताला पाहिलं, गोळ्या कधी बंद झाल्या ते विचारलं, रागावला नाही, नवा कागद करून पुन्हा सुरू केल्या. म्हणाला, ह्या एकदम सोडायच्या नसतात, सोडायच्या असतील तर मला सांगून. सासूनं दोन्ही हातांनी कागद घेतला आणि उठायला लागली.

पाणकरणीनं तिला खांद्याला दाबून पुन्हा बसवलं. म्हणाली, डॉक्टरसाहेब, हिचा बी कागद काढा. सासू लाजली, नाही नाही म्हणायला लागली, माझं काय आता, वय झालं. डॉक्टरनं तिला कधीपासूनचं आहे ते विचारलं. तिनं सांगितलं, धाकटा पोटात होता तेव्हापासून. धाकटा कितीचा आहे? तो आता बत्तीस वर्षांचा. डॉक्टरनं पेन थांबवलं.

"मग इतकी वर्षं कुठं होता आजी तुम्ही?"

त्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं. डॉक्टर लोक असं विचारतात. पण पाणकरणीचा आवाज चढला, आणि तिचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"ते घरीच होती, डॉक्टरसाहेब. तुमी कुठं होते?"

मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "हे कुठं होती?" मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी कुठं होती?"

डॉक्टरनं समोरचा कागद बाजूला सारला, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि म्हणाला, बसा आजी, सांगा.

वनिता आज बरी आहे असं लिहून मी मोकळी होणार नाही. काही महिने चांगले जातात, काही नाही जात. गोळ्या चालू आहेत, सासूच्याही. दोघींचे कागद एकाच डब्यात असतात. समाज मंदिराचं कुलूप अजून तसंच आहे. सहा-सात जणी मंगळवारी वनिताच्या अंगणात बसतो, आणि कोणी विचारलं तर तांदूळ निवडतो म्हणून सांगतो. असं खोटं बोलून बसावं लागतं, ह्याची मला चीड येते.

पाणकरीण मागच्या उन्हाळ्यात गेली. लेकीच्या गावी, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. गावात म्हणाले, बहिणींनी बोलावून घेतलं, पुण्यवान बाई. हेच लोक तिच्या नजरेला घाबरून लेकरं आत घेत होते. तेरवीला मी गेले, पण जेवले नाही.

मला ती दिसते ती त्या दवाखान्याच्या खोलीत. आत म्हातारी बोलायला लागली होती, अडखळत, एकेक शब्द, बत्तीस वर्षांचं. बाहेर रांग चिडली होती. किती वेळ लावता, आम्हालाही बस पकडायची आहे, असा आरडाओरडा चालला होता, आणि शिपाई पुढचा नंबर आत ढकलत होता. तेव्हा ही उठून दारात गेली. आमच्याकडे पाठ, तोंड रांगेकडे. दोन्ही हात लांब करून तिनं चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. लोक तिला शिव्या देत होते. ती हलली नाही. शिपायाला एवढंच म्हणाली, "थांब गा. आत बोलनं चालू आहे."